पहिल्या रांगेची लांबी : धारवाडी आठवणींची एक चिकित्सा

आठवणीला ज्ञानाचं प्रमाण मानायचं की नाही, याचा निकाल नैयायिकांनी फार पूर्वीच लावून टाकला आहे. स्मृती ही प्रमा नव्हे. जुन्या अनुभवाची ती पुन्हा काढलेली प्रत, तिच्यातून नवं काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नैयायिकांना कॉलेजच्या गेट-टुगेदरला कुणी बोलावलेलं नसावं. पन्नास वर्षांनी जमलेल्या वर्गमित्रांच्या आठवणींत सगळं नवंच असतं. घडताना जे कुणीही पाहिलं नव्हतं ते तिथं प्रथमच कळतं, सांगणाऱ्यालासुद्धा.

प्रस्तुत प्रबंधाचा विषय मर्यादित आहे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात १९७५ च्या जूनमध्ये पीयूसीला नाव घालून १९८२ साली विद्यापीठातून एम.ए., एम.एस्सी. होऊन बाहेर पडलेली मंडळी एकत्र बसली, की त्यांना काय आठवतं, किती आठवतं आणि ते एकमेकांशी का जुळत नाही, एवढंच पाहायचं आहे. हीच बॅच का, तर कारण शास्त्रीय आहे. या मुलांनी वह्यांना कव्हरं घातली-न घातली तोच २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. पदवी हातात पडली त्या १९८० च्या जुलैत नरगुंद-नवलगुंदला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. आणि एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास सुरू व्हायचा त्या सुमाराला गोकाक चळवळ पेटली. देशाच्या आणि राज्याच्या उलथापालथीनं एखाद्या वर्गाचं वेळापत्रक इतकं काटेकोर पाळल्याचं दुसरं उदाहरण या लेखकाच्या पाहण्यात नाही. वर्गानं स्वतः ते तितकंसं पाळलं नव्हतं.

साक्षीदारांची नावं देत नाही. सगळे आजी-आजोबा झाले आहेत आणि नातवंडांनी त्यांना थोर मानलेलं आहे. आपण कशाला मध्ये पडा. ओळखीपुरती गावं पुरेत. बेळगावकर, निपाणीकर, हुबळीकर, नवलगुंदकर, आणि धारवाडातल्याच मालमड्डीच्या बाई. या बाई वर्गमैत्रीणच, पण अकरावीतसुद्धा त्या अशा नजरेनं बघत की सगळे त्यांना बाईच म्हणत. तेव्हाही टिपणं काढत, आताही काढतात. प्रबंधातली जी विधानं खात्रीची वाटतील ती बहुधा त्यांची आहेत. जमलेल्यांची भाषा धारवाडची नेहमीची : हिशेब मराठीत, शिव्या कन्नडमध्ये आणि थापा इंग्रजीत.

पहिलं प्रमेय असं, की कोणत्याही मोर्चाला दुसरी रांग नसते.

हे प्रमेय सिद्ध करायला फार खटाटोप लागत नाही. कुणालाही विचारावं. ‘‘तू कुठं होतास रे?’’ ‘‘पुढंच होतो की!’’ बेळगावकर पुढं होता. निपाणीकर त्याच्याही पुढं होता, बॅनरची डावी काठी त्याच्या हातात होती. हुबळीकर त्या दोघांना मागं ओढत होता, म्हणजे तोही पुढंच. मग मागं कोण होतं, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘‘मागं लोक होते.’’ हे लोक अजून एकाही गेट-टुगेदरला आलेले नाहीत.

आता कॉलेजपासून ज्युबिली सर्कलवरून कलेक्टर कचेरीकडे जाणारा त्या काळचा रस्ता घ्या. सायकलस्वाराला वाट ठेवून खांद्याला खांदा लावला, तर आठ माणसं. भावनेच्या भरात दहा. आमच्या बॅचमधले दावेदार, वरच्या दोन आणि खालच्या दोन बॅचमधले, शिवाय जनता, कित्तेल, हुबळीचं बी.व्ही.बी. इंजिनिअरिंग आणि मेडिकल इथले पुढचे, असे सगळे धरले तर रस्ता कमी पडतो हे उघड आहे. ही अडचण अनेक वर्षं सुटत नव्हती. ती रेल्वेनं सोडवली. हुबळी स्टेशनचा १५०७ मीटरचा फलाट, जगातला सगळ्यांत लांब, १२ मार्च २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. माणशी अर्धा मीटर धरला तर त्यावर तीन हजार माणसं एका ओळीत उभी राहतात. धारवाडच्या चळवळींची पहिली रांग मावेल अशी जागा आता जिल्ह्यात आहे. मोर्चा फक्त आडवा काढावा लागेल.

यावर मालमड्डीच्या बाईंचा उत्तरपक्ष आहे, आणि तो भक्कम आहे. त्यांचं म्हणणं, कुणीच खोटं बोलत नाही. मोर्चा कचेरीपाशी पोचला, समोर लाठ्या उगारल्या गेल्या, की मोर्चा जागच्या जागी पाठ फिरवतो. तोंड फिरलं की शेवटची रांग पहिली होते. ‘‘तुम्ही सगळे पहिल्या रांगेत होतात, मी गॅलरीतून बघितलंय,’’ बाई म्हणाल्या, ‘‘परतीच्या.’’

यातूनच पावसाचा प्रश्न निघतो. धारवाडच्या प्रत्येक आठवणीत पाऊस आहे. तो धो धो नाही. तासन्‌तास पडूनही कुणाला धड भिजवत नाही आणि कोरडंही ठेवत नाही, तो जिटीजिटी पाऊस. आणीबाणी जूनअखेरची, नरगुंद जुलैचं, तेव्हा तिथं पाऊस असणं पंचांगाला धरून आहे. पण गोकाक चळवळीला खरी धग चढली ती १९८२ च्या उन्हाळ्यात, कन्नड नट राजकुमार स्वतः रस्त्यावर उतरले तेव्हा. तरी त्या आठवणीतही सगळे भिजलेले. एकदोन वळीव धरले तरी हिशेब लागत नाही. पुराव्यांची छाननी केल्यावर कारण हाती लागलं. ‘‘मग मोर्चा कसा संपला?’’ या प्रश्नाला दोनच उत्तरं शक्य असतात : लाठी पडली म्हणून आम्ही पळालो, किंवा पाऊस आला म्हणून आम्ही पांगलो. पळणं आणि पांगणं यांत पायांच्या दृष्टीनं काही फरक नाही. नातवंडांच्या दृष्टीनं आहे. म्हणून हवामानखात्याची नोंद काहीही असो, धारवाडच्या चळवळींवर पाऊस पडलाच पाहिजे.

आणीबाणीकडे वळू. इथं सर्वमान्य विधान असं, की ‘‘आम्ही पोरांनी इंदिराबाईंना घालवलं.’’ हे म्हणताना बेळगावकराचा आवाज अजून खर्जात जातो. आता नोंदी पाहा. मार्च १९७७ च्या निवडणुकीत सगळा उत्तर हिंदुस्थान काँग्रेसच्या हातून गेला हे खरं. पण कर्नाटकात लोकसभेच्या २८ जागांपैकी २६ काँग्रेसनंच जिंकल्या. धारवाड उत्तरमधून काँग्रेसच्या सरोजिनी महिषी निवडून आल्या, त्याही चौथ्यांदा. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७८ मध्ये, इंदिराबाई पुन्हा लोकसभेत गेल्या त्यासुद्धा याच राज्यातल्या चिकमगळूरमधून. म्हणजे घालवल्या कुणी हे सांगता येत नसलं, तरी परत आणल्या कुठून हे सांगता येतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. ते १८ वर आलं १९८९ मध्ये. १९७७ च्या मार्चमध्ये आमच्या बॅचचे बहुतेक इतिहासपुरुष अठराच्या आसपास होते. त्यांनी इंदिराबाईंना घालवलं ते मत न देता घालवलं.

हे आकडे वाचून दाखवल्यावर सभेत थोडा वेळ शांतता पसरली. मग निपाणीकर म्हणाला, ‘‘मत नसंल दिलं, पण वातावरण आम्हीच केलं होतं बघ.’’ वातावरणाला मोजपट्टी नाही, तेव्हा हे विधान अबाधित राहतं.

भूमिगत होण्याबद्दल मात्र मोजता येतं. बेळगावकर आणीबाणीत भूमिगत होता. त्याचा अर्थ तपासला असता तो हॉस्टेलच्या तळमजल्यावर राहत होता असं निघालं. रात्री भिंतींवर पत्रकं चिकटवायला त्यानं खळ शिजवली होती, एवढं दोन साक्षीदार मान्य करतात; पत्रकं होती की नव्हती याबद्दल एकवाक्यता नाही. खळ मात्र होती, कारण तिचं पातेलं मेसचं होतं आणि त्यानंतरच्या सांबाराला ते बरेच दिवस पुरून उरलं. जे खरोखर आत गेले त्यांची गोष्ट वेगळी. विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आणि ‘संक्रमण’ चालवणाऱ्यांपैकी एक असलेले चंद्रशेखर पाटील, सगळ्यांचे चंपा, आणीबाणीत तुरुंगात जाऊन आले. त्यामुळे ‘‘चंपा आणि आम्ही’’ हा प्रयोग धारवाडात रूढ आहे. त्यातल्या ‘आम्ही’ची संख्या त्या काळच्या कोणत्याही बराकीत मावणारी नाही. तिला पुन्हा फलाटच शोधावा लागेल.

एक पोटप्रश्न रेल्वेचा. ‘‘काही म्हणा, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या,’’ असं सांगणारा बेळगावकर आणि ‘‘लोंढ्याला गाडी अडकली म्हणून इंग्रजीचा पेपर बुडाला,’’ असं सांगणारा बेळगावकर हा एकच मनुष्य आहे. दोन्ही विधानं एकाच जेवणात झाली, मधे फक्त ताक आलं. तेव्हा बेळगावहून खानापूर, लोंढा, अळणावर करत येणारी ती मीटरगेज, आणि कर्नाटक कॉलेजची मुख्य इमारत तर मूळची सदर्न मराठा रेल्वेच्या कचेरीसाठी बांधलेली. उशीर हा आमच्या शिक्षणाच्या पायातच घातलेला होता.

आता या प्रबंधाच्या गाभ्याकडे, म्हणजे गिरमिटाकडे यायला हरकत नाही.

गिरमिट ही भेळ नव्हे, आणि तसं म्हणणाऱ्या पुणेकराला हुबळी-धारवाडात पाणीही मिळत नाही. भेळेत चटण्या ओतल्या जातात. गिरमिटात आधी मसाला शिजतो. कढईत तेलावर मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, भरपूर कांदा, हळद, मग चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा, आणि हे सगळं दाट होईपर्यंत आटतं. गाडीवाला पितळी पातेल्यात चुरमुरे घेतो, आटवलेला गोज्जू घालतो, फुटाण्याच्या डाळीची पूड भुरभुरवतो आणि हातानं, चमच्यानं नव्हे, खालून वर असं दोन-तीनदाच उलटतो. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव. कागदाच्या तुकड्यावर ढीग, शेजारी मिरचीभजं, आणि मिरची देठाला धरून आडवी. खाणाऱ्यानं तिथंच, उभ्यानं, ताबडतोब खायचं. कारण गोज्जू लागल्या क्षणापासून चुरमुरा मऊ पडायला लागतो आणि पाचएक मिनिटांत त्याचा लगदा होतो.

या पाच मिनिटांना ऐतिहासिक महत्त्व आहे. आमच्या बॅचच्या म्हणण्याप्रमाणे आणीबाणीतल्या गुप्त बैठका, शेतकरी आंदोलनाला पाठिंब्याचा ठराव आणि गोकाक चळवळीची आखणी, तिन्ही कॉलेजबाहेरच्या गिरमिटाच्या गाडीवर झाल्या. पण गिरमिट खाताना बोलता येत नाही. तोंड भरलेलं असतं आणि बोललं तर चुरमुरा मऊ पडतो. मिरचीभजं चावल्यावर पुढची दोन मिनिटं बोलणं अशक्यच. म्हणजे क्रांतीला उरलेला वेळ जेमतेम दोन मिनिटं, त्यातही पैसे कुणी द्यायचे यावर दीड जात असे. उरलेल्या अर्ध्या मिनिटात सरकार उलथवण्याचा बेत ठरला असेल तर धारवाडच्या बुद्धिमत्तेबद्दल जे बोललं जातं ते कमीच आहे.

आणि इथं एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मोर्चाची तारीख, वक्ते, घोषणा, कुणाला किती लागलं, यातल्या एकाही बाबीवर दोन साक्षीदारांचं जुळत नाही. गिरमिटाच्या बाबतीत सगळं जुळतं. गाडी झाडाच्या कोणत्या बाजूला होती, गाडीवाल्याचा कोणता कान मोडलेला होता, भजी तळायचा वास वर्गात कोणत्या खिडकीतून यायचा आणि ती खिडकी बंद करणारे प्राध्यापक कोणता विषय शिकवत, सगळं एका सुरात. उधारी तर बिनचूक. ‘‘तू त्या दिवशी दिले नव्हतेस,’’ नवलगुंदकर हुबळीकराला म्हणाला. ‘‘कुठल्या दिवशी?’’ ‘‘चंपांना पकडलं त्या दिवशी.’’ राष्ट्रीय घटनेची तारीख उधारीवरून काढण्याची ही पद्धत इतिहासकारांनी अभ्यासावी अशी आहे. शिलालेखातही दान किती दिलं ते आवर्जून कोरलेलं असतं.

हुबळीकराबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण मीमांसकांच्या अर्थापत्ती या प्रमाणाचा तो चालताबोलता दृष्टांत आहे. जाडजूड देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे, असं शास्त्रात उदाहरण आहे. आमचा देवदत्त हुबळीहून वीस किलोमीटर बसनं यायचा. वर्गात तो कुणाला दिसला नाही. मोर्चातही, त्याचं सोडलं तर, कुणी त्याला पाहिलेलं नाही. शिवाय ज्या दिवशी मोर्चे निघत त्या दिवशी बंद असे, आणि बंद असला की हुबळी-धारवाड बस आधी थांबे. तरी तो वर्षागणिक अंगानं भरत गेला आणि परीक्षाही पास झाला. तेव्हा तो कॅन्टीनमध्ये होता हे मानल्याशिवाय गत्यंतर नाही. तो स्वतः म्हणतो, बंदच्या दिवशी तो उणकल, नवनगर, रायापूर करत चालत यायचा. देवदत्ताच्या बाजूनं असं कुणी कधी बोललेलं नाही.

जी. ए. कुलकर्णींचा विषय निघाला नाही तर ते धारवाडचं गेट-टुगेदर नव्हेच. जी.ए. इंग्रजी शिकवत ते जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात. आमचं कॉलेज वेगळं. तरी आमच्या बॅचमधले निदान सहा जण त्यांचे विद्यार्थी आहेत, आणि आणखी काहींचा संध्याकाळी क्लबात त्यांच्याशी पत्त्यांचा डाव रंगायचा. जो माणूस लोकांना टाळण्याबद्दल प्रसिद्ध होता, गॉगल चढवून वावरायचा, ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार ज्यानं परत पाठवला, तो आमच्या निपाणीकराला मात्र रस्त्यात थांबवून तंबाखूचे भाव विचारायचा, असं निपाणीकराचं म्हणणं. जी.ए. जितकं टाळत गेले तितके ते अधिकाधिक लोकांना भेटत गेले. १९८७ मध्ये ते वारल्यानंतर तर हा वेग फारच वाढला. यात एक सीमाप्रश्नही आहे. जन्म एकसंब्याचा, म्हणून निपाणीकर त्यांना आपल्याकडचे मानतो. वाढले, शिकले बेळगावात, म्हणून बेळगावकराचा दावा. तीसेक वर्षं नोकरी धारवाडात, म्हणून बाई गप्प बसून हसतात. शेवट पुण्यात, पण पुण्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं. प्रस्तुत प्रबंधकार पुण्यात राहतो, पण त्याला धारवाडचाच धरतात. कवी द. रा. बेंद्र्यांच्या बाबतीत असा तंटा होत नाही. साधनकेरीत कुणीही जावं, अज्जा कुणाशीही बोलत, घरात मराठी, अंगणात कन्नड. त्यांना भेटल्याच्या आठवणी खऱ्या असण्याचा संभव जास्त, म्हणूनच की काय, त्या कुणी फारशा रंगवून सांगत नाही.

गोकाक चळवळीपाशी आलं की मराठी घरांतल्या मंडळींची फार गंमत होते, आणि या प्रबंधातला सगळ्यांत सुपीक भाग तोच आहे. मूळ वाद असा, की कर्नाटकातल्या शाळांत मुलं पहिली भाषा म्हणून संस्कृत घेत आणि कन्नड न शिकताच पार होत. ते तसंच चालू ठेवावं का, हे पाहायला १९८० मध्ये वि. कृ. गोकाकांची समिती नेमली. १९८१ च्या जानेवारीत अहवाल आला : माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा, तिला १५० गुण. गुंडूराव सरकार टाळाटाळ करू लागलं आणि धारवाडचे लेखक, प्राध्यापक, विद्यार्थी उठले. पुढं राजकुमार आले, राज्य हललं, आणि जानेवारी १९८३ मध्ये गुंडूरावांचं सरकार गेलं. गंमत ही, की ज्यांच्या नावानं हे सगळं झालं ते गोकाक फर्ग्युसनमध्ये शिकवलेले, सांगलीच्या विलिंग्डनचे आणि कोल्हापूरच्या राजारामचे प्राचार्य राहिलेले, आणि आमच्या कर्नाटक कॉलेजचे तर विद्यार्थीही आणि प्राचार्यही.

आता आमच्या बॅचमधली मराठी पोरं बघा. शाळेत यांनी पहिली भाषा संस्कृत घेतली होती. कारण उघड : रामः रामौ रामाः पाठ केलं की नव्वदच्या खाली गुण पडत नसत. त्या गुणांवर कॉलेजात प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाल्यामुळे वर्गमित्र मिळाले. वर्गमित्रांमुळे मोर्चात ओढले गेले. आणि मोर्चात यांनी ओरडून मागणी काय केली, तर आपल्याला इथवर आणणारी संस्कृत काढा! गुणपत्रिका खिशात ठेवून केलेलं इतकं निरपेक्ष आंदोलन सत्याग्रहांच्या इतिहासात सापडायचं नाही. घोषणा कन्नडमध्ये, घरी येऊन आईला सांगणं मराठीत. मालमड्डीत एका आईनं विचारलं होतं म्हणे, ‘‘अरे, पण मग आपल्या मराठीचं काय?’’ पोरगा म्हणाला, ‘‘आई, मी पहिल्या रांगेत होतो.’’ उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं, पण ते दिलं कसं याचं वर्णन बाई करतात तेव्हा दोघांचीही बाजू पटते.

बेळगावकर आणि निपाणीकर यांची स्थिती आणखी बिकट. गावाकडे यांच्या घरावर ‘महाराष्ट्रात गेलंच पाहिजे’चा फलक, सीमावादाच्या महाजन अहवालावर १९६७ पासून वडिलांचा रोज सकाळी संताप, आणि पोरगा धारवाडात कन्नडच्या मोर्चात. निपाणीकर सांगतो, त्यानं ओठ हलवले, आवाज काढला नाही. बेळगावकर सांगतो, त्यानं आवाज काढला पण शब्द वेगळे होते. वडिलांना दोघांनीही कळू दिलं नाही. कळलं असतं तर? ‘‘तंबाखूच्या वखारीत बसवलं असतं, दुसरं काय,’’ निपाणीकर म्हणाला. ‘‘बरं झालं असतं. पैसे तरी झाले असते.’’

मोर्चाला का गेलात, या प्रश्नाची उत्तरं नोंदवून ठेवली आहेत. सगळे जात होते म्हणून. परीक्षा पुढं जाईल म्हणून. फिजिक्सच्या वर्गातल्या दोघी जाणार होत्या म्हणून. बाईंचं उत्तर निराळं : ‘‘मला पटलं होतं.’’ त्यानंतर कुणी काही बोललं नाही, कारण अशा उत्तराचं पुढं काय करायचं असतं हे गेट-टुगेदरला ठाऊक नसतं.

नवलगुंदकराची साक्ष वर्गीकरणात बसत नाही. २१ जुलै १९८० ला मलप्रभेच्या पाण्यावरच्या सुधारणा-कराविरुद्ध शेतकरी तहसील कचेऱ्यांवर गेले, नरगुंद-नवलगुंदात गोळी चालली, माणसं मेली. राज्यातली रयत संघटना उभी राहिली ती तिथून. धारवाडात त्या आठवड्यात काय काय झालं यावर सगळे तावातावानं बोलले. कुणी बस अडवली होती, कुणी कचेरीवर काळा झेंडा लावला होता. नवलगुंदकर सांगत होता लाइन बझारमधल्या पेढ्यांचं. पदवी मिळाली म्हणून त्यानं ठाकूरांच्या दुकानासमोर रांग लावून अर्धा शेर पेढे घेतले होते, गावी द्यायला. गाडी कुसुगलपाशीच थांबवली. तिथून चालत निघाला. पोचला तेव्हा पिठीसाखर विरघळून पुडा ओला झाला होता, आणि घरात ते द्यावेत असं कुणी नव्हतं, सगळे दुसऱ्याच्या घरी गेले होते. ‘‘मग पेढे?’’ हुबळीकरानं विचारलं. ‘‘बैलाला घातले,’’ तो म्हणाला. त्याला कोणत्या रांगेत होतास असं कुणी विचारलं नाही. पेढ्यांच्या रांगेत तो सतरावा होता, हे त्यानंच सांगितलं. धारवाडच्या सगळ्या रांगांपैकी आपला नंबर नक्की माहीत असल्याची ही एकमेव नोंद.

आता अनुपलब्धी. भाट्ट मीमांसकांच्या मते एखादी वस्तू न दिसणं हेही ती नसल्याचं प्रमाण आहे. त्या सात वर्षांतला आमच्या बॅचचा मोर्चातला एकही फोटो उपलब्ध नाही. कॅमेरा कुणाकडं होता तेव्हा, असं म्हणून विषय मिटवता येतो. तरी प्रयोग करून पाहावा म्हणून परवाच्या गेट-टुगेदरला, कॉलेजच्या पोर्चमध्ये, फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं सगळ्यांना उभं केलं आणि ओरडला, ‘‘पहिली रांग खाली बसा!’’ सगळे मागं सरकले. बेळगावकराचा गुडघा बदललेला. हुबळीकर बसला तर उठेल का, यावर त्याच्याच मुलानं शंका काढली. निपाणीकरानं खुर्ची मागितली; खुर्ची आली तशी तो त्यात बसला आणि ती दुसऱ्या रांगेत ओढून घेतली. फोटोत आता मागच्या रांगेत एकावर एक डोकी आहेत आणि पुढं पायऱ्या रिकाम्या आहेत. त्यातली सगळ्यांत खालची पायरी तेवढी मालमड्डीच्या बाईंनी घेतली, टिपणवही मांडीवर ठेवून.

जेवणानंतर पुढच्या वर्षीचं ठरवायला समिती नेमायची सूचना आली. समित्यांचा आणि आयोगांचा अनुभव असलेल्या या भागात तिला फारसा पाठिंबा मिळाला नाही. मग तोंडी ठरलं : पुढचं गेट-टुगेदर बेळगावात घ्यायचं, शाकाहारी ठेवायचं, हुबळीकराला सावजी मटण हवं असेल तर त्यानं आधी इकडेच खाऊन यायचं, आणि बेळगाव कुणाचं हा विषय तिथं काढायचा नाही. ही शेवटची अट निपाणीकरानं घातली आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. ती मोडलीही त्यानंच, तिथल्या तिथं, चहा यायच्या आत. बेळगावकर खुर्ची सरकवून उठला, बाईंनी वहीचं नवं पान काढलं, आणि हुबळीकर म्हणाला की शेवटची चिगरी बस चुकली तर त्याला पुन्हा रायापूरवरून चालत जावं लागेल.